ऐकू येत नाही, मग दचकता कशाला?

४ फेब्रुवारी

वीस टक्के! दोन्ही मिळून वीस! कानांचे पंधरा, आणि ते दचकणं, घाबरणं, झोपेत ओरडणं — त्याचे पाच. उमेदीची सगळी वर्षं तोफेवर काढलेल्या माणसाला मेडिकल बोर्डाने वीस टक्के अपंगत्व लावून घरी पाठवलं.

पन्नासच्या वर गेलं असतं तर लष्करी इस्पितळात नीट उपचार सुरू झाले असते, आणि सिमेंटच्या गोदामातली ती रखवाली कायमची सुटली असती. आता अपील करायचं. तेही फेटाळलं की परत गोदाम. परत ट्रकच्या फळ्या धाडकन पडणार आणि हे परत कुणाची तरी मानगूट धरणार. मागच्या वेळी त्या हमालाला यांच्या हातातून सोडवायला चार माणसं लागली. निळा पडला होता म्हणे बिचारा. मॅनेजर भला माणूस, निकाल लागेपर्यंत घरी बसा म्हणाला. पण पुन्हा असं झालं तर मी मध्ये पडणार नाही, पोलीस काय ते बघतील, हेही म्हणाला.

आणि बोर्डाने कारण काय दिलंय बघा! अर्जदाराला ऐकू येत नसेल तर तो आवाजाने दचकणार नाही. आणि तो आवाजाने दचकत असेल तर त्याला ऐकू येतं. झालं! एका तक्रारीने दुसरी खोटी पाडली. मी यांच्यासमोर बसून मोठमोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तरी संतापतील. हे काय म्हणाले? "बरोबरच आहे त्यांचं."

कपाळ माझं!

५ फेब्रुवारी

मेलं ते वाक्य डोक्यातून जात नाही. का जात नाही, तेही लिहून टाकते, इथे कोण वाचतंय — मलाही तेच वाटतं म्हणून. आजचं नाही, कितीतरी दिवसांपासूनचं.

स्वयंपाकघरातून घसा फुटेस्तोवर हाका मारा, ओ नाही. दळण आणा, बिल भरा — साफ बहिरे! आणि वरच्या बिऱ्हाडात कुणी नुसतं कपाट सरकवलं की हे भिंतीला टेकून उभे, चेहरा पांढराफटक, हात थरथरतायत. मग काय ऐकू येतं आणि काय नाही, हे ठरवतं कोण? कान की हे?

आणि ती परवाची गोष्ट. शेजारीण आली होती, बसली ती उठायचं नाव घेईना. मी दाराशी उभी राहून नुसती पुटपुटले — "आता ही जेवूनच जाणार." शेजारणीला दोन हातांवर असून कळलं नाही. आणि हॉलच्या पार त्या टोकाला बसलेले हे फिस्सकन हसले! कसे हसले? सांगा ना, कसे?

९ फेब्रुवारी

मिशीवाले आले होते. यांच्याच तोफेवरचे. आता माजी सैनिकांच्या संघटनेत बसतात आणि लोकांची अपिलं चालवतात. माणूस मदतीचा आहे, पण मला त्यांच्या त्या मिशा कधी भरवशाच्या वाटल्या नाहीत. फार पिळतात.

मी चहा घेऊन गेले तेव्हा यांच्या अगदी समोर खुर्ची ओढून, तोंडासमोर तोंड धरून शिकवणी चालली होती. "सरळ बसू नकोस. साहेब म्हटलं की छाती पुढे काढू नकोस. हसू नकोस. विचारलं तरच बोल." मला बघून थांबले!

बरं, खोटं नसेल तर शिकवायला कशाला लागतं?

मग मिशा पिळत मला म्हणाले, "वहिनी, खरा आधार तुमचा आहे. घरातलं माणूस काय सांगतं त्यावर सगळं. शपथेवर सांगावं लागेल."

शपथेवर! म्हणजे यांना काहीएक ऐकू येत नाही आणि तरी हे खरोखरीच घाबरतात, असं मी शपथ घेऊन सांगायचं. ज्याचा मलाच पत्ता नाही ते. मी म्हटलं, बघू. हे माझ्याकडेच बघत होते. मग एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

११ फेब्रुवारी

ताईला फोन केला. बाल्कनीत गेले, काचेचं दार लावून घेतलं. बहिऱ्या माणसापासून दार लावून बोलायचं! यातच काय ते आलं.

ताईचं ठाम मत आहे. "नाटकी आहेत तुझे. पहिल्यापासून. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा माझ्या घरी येऊन कसे मुक्यासारखे बसले होते, आठवतं ना?" मी म्हटलं, अगं, ते तेव्हा नुकते आघाडीवरून आले होते. ताई म्हणते, "तू खुळी आहेस. शपथ बिपथ घेऊ नकोस, उद्या खोटं निघालं तर खडी फोडायला तू जाशील." ताई ना, बोलायला लागली की थांबत नाही. पण मीही नाही म्हटलं का? नाही. उलट मीच म्हटलं, "मलाही नाटकच वाटतं गं कधी कधी." अगदी याच शब्दांत. आणि वर गेल्या महिन्यात यांनी हमालाचा गळा धरला तेव्हा आधी इकडेतिकडे बघितलं होतं का, असं मी मॅनेजरच्या बायकोला विचारलं, तेही सांगितलं. म्हणजे माझी मजल कुठवर गेलीय!

आत आले. हे आपल्या खुर्चीत, पाय स्टुलावर. कायम पाय वर! राजासारखे. मी केर काढते आणि हे पाय वर घेऊन बसतात.

१५ फेब्रुवारी

आज परीक्षा घेतली. सांगायची लाज वाटते पण घेतली.

हे दाढी करत होते, नळ चालू. मी मागे गेले आणि पितळेचा मोठा थाळा कानापाशी नेऊन पळीने बडवला. ढँग! माझ्याच कानठळ्या बसल्या. समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. यांचा वस्तरा केसभरही चुकला नाही. गाल फुगवून हळूच ओढत होते, शांतपणे. मी तशीच थाळा पाठीमागे लपवून परत आले. चोरासारखी.

म्हणजे कान खरंच गेलेत. पंधरा टक्के? डोंबल! पण मग वरचं कपाट सरकलं की काय होतं यांना? ते नाटक?

१६ फेब्रुवारी

पण आरशात थाळा दिसला असेल तर?

२ मार्च

आमच्या गल्लीत रस्ता करतायत. सकाळपासून रोलर. मी बाजारातून आले तर हे घरात नाहीत. म्हणजे होते — पलंगावर, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी, दोन्ही हातांनी चादर घट्ट धरलेली. तोंड आ वासलेलं. मला वाटलं, झटकाच आला! जवळ गेले तर घामाने निथळत होते. "गेला का?" म्हणाले. मी म्हटलं, कोण? "खालचा." खालचा कोण?

मी घरी नव्हते. कुणी बघत नव्हतं. मग नाटक कुणासाठी?

रोलर गेल्यावर उतरले. आधी एक पाय टेकला, जरा थांबले, मग दुसरा. थंडगार पाण्यात उतरावं तसे.

३ मार्च

सापडलं! देवा, सापडलं! आणि काय साधी गोष्ट!

हे खुर्चीत, पाय जमिनीवर. मी मागे जाऊन दगडी बत्ता फरशीवर आपटला. ताडकन उठले, भिंतीकडे धावले. मी माफी मागितली, हातातून सुटला म्हटलं. अर्ध्या तासाने पाय स्टुलावर असताना तोच बत्ता, तिथेच, आधीपेक्षा जोरात आपटला — काही नाही! पेपर वाचतायत!

पाय! यांना पायांनी कळतं! तो हादरा जमिनीतून येतो आणि थेट पायांत शिरतो. कान तर केव्हाच मेलेत. कपाट सरकतं, ट्रकची फळी पडते, रोलर येतो — सगळं खालून. आणि मी मेली इतकी वर्षं म्हणत आले, राजासारखे पाय वर करून बसतात!

मी समोर जाऊन बसले. विचारलं, तुम्हाला माहीत होतं का हे? म्हणाले, "तोफ सुटायच्या आधी जमीन कळायची." मग म्हणाले, "नको दोनदा आपटूस तो बत्ता. फरशी फुटेल."

बाई बाई बाई. दुसऱ्या वेळचा कसा कळला यांना?

४ मार्च

बत्ता उचलताना दिसला असेल. कपाटाच्या काचेत वगैरे. असो. आता मी मनाला समजावलंय — माणूस खरा आहे. शपथ घेणार. मिशीवाल्यांना फोन करून सांगितलं. ते खूश. "वहिनी, तुम्ही तर बोर्डाची दांडीच उडवलीत." मग मी तेही विचारून घेतलं, ती शिकवणी कसली चालली होती म्हणून. तर म्हणे, मागच्या वेळी बोर्डाच्या डॉक्टरने कसे आहात विचारल्यावर हे ताठ उभे राहून म्हणाले होते, "एकदम ठीक, सर!" म्हणून शिकवत होते, की निदान या वेळी ठीक आहे म्हणू नकोस.

मी हसले की रडले, माझं मला कळलं नाही.

२१ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

लांबलचक खोली. पंखे, फायली, जाड काचेचे पेले. टेबलाच्या या टोकाला अध्यक्ष — वयस्क, गळ्याशी मफलर, पडसं झालेलं. त्या टोकाला दाढीवाले कानाचे डॉक्टर. समोर मी आणि हे. मिशीवाले मागच्या बाकावर.

आधी मला बोलावलं. शपथ घेतली. पायांचं सांगितलं, स्टुलाचं, रोलरचं, बत्त्याचं. अध्यक्षांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी पढवलं?" मी म्हटलं, "बत्त्याने." डॉक्टर हसले. लिहून घेतलं त्यांनी. मला वाटलं, जमलं!

मग अध्यक्ष डॉक्टरांकडे वळले आणि अगदी खालच्या आवाजात, तोंडातल्या तोंडात म्हणाले, "उभं करा जरा त्याला." मी त्यांच्या अगदी जवळ बसलेली, मलाही जेमतेम कळलं. डॉक्टर काही बोलायच्या आत —

हे उभे राहिले! खाडकन! टाचेला टाच, छाती पुढे.

अध्यक्ष हसले, हळूच, मासा गळाला लागल्यावर हसावं तसे. "आलं की ऐकू!"

आणि मी? मी काय विचार केला असेल? लिहायलाच हवं. मी विचार केला — सापडले! एवढी वर्षं मला फसवलंत, माझ्या तोंडून शपथ घेववलीत, आणि आता चारचौघांत उघडे पडलात, बरं झालं. असाच विचार केला मी. माझ्या नवऱ्याबद्दल. थाळा, बत्ता, रोलर, सगळं क्षणात विसरले. ताईचा आवाज ऐकू आला कानात.

अध्यक्षांना शिंक आली. त्यांनी रुमाल नाकातोंडाशी धरला आणि रुमालाआडून विचारलं, चांगलं मोठ्याने, "आता मी काय म्हणालो ते ऐकू आलं का?"

हे उभेच. मग हळूच माझ्याकडे बघितलं.

ते बघणं मला पाठ आहे. बँकेत, दुकानात, डॉक्टरकडे, पाहुण्यांत — कुणी काही विचारलं की हे असंच माझ्याकडे बघतात आणि मी त्यांचं वाक्य यांच्याकडे तोंड करून परत म्हणते. सवयच झालीय. आत्ताही माझे ओठ उघडले होते. आणि तिथेच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझे ओठ!

मी उठले. "साहेब, रुमाल काढा."

"काय म्हणालात?"

"रुमाल काढा, साहेब! तोंडावरचा!"

केवढे संतापले ते! मर्यादा सोडू नका वगैरे. तेवढ्यात मागून मिशीवाले उठले. मिशा पिळायचं विसरून हात जोडून म्हणाले, "साहेब, तोफ सुरू झाली की कुणाला काय ऐकू येतंय? आम्ही तोफेवरच्या मुख्याच्या तोंडाकडे बघायचो. तोंड हललं की हात हललेच पाहिजेत. हुकूम दिसला की आधी करायचं, मग विचार. हा आत्ता तुमचा हुकूम दिसला म्हणून उठला. याला दुसरं काही येतच नाही, साहेब!"

डॉक्टरांनी फाईल उचलून तोंडासमोर धरली. आडून बोलले. हे ढिम्म. अजून मोठ्याने बोलले. ढिम्म. मग एवढे ओरडले की बाहेरचा शिपाई आत आला. यांची नजर फायलीवरच्या दोरीकडे.

मग डॉक्टरांनी फाईल खाली ठेवली आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. आम्हाला कुणालाच काही कळलं नाही.

हे म्हणाले, "नको सर. चहा झालाय आत्ताच."

डॉक्टर अध्यक्षांकडे वळले. "हे ऐकणं नाही. हे वाचणं आहे." अध्यक्ष रुमालाची घडी घालत बसले. बराच वेळ घालत होते.

घरी येताना रिक्षात मी यांचा हात धरून बसले. हे अवघडले. लोक बघतील म्हणाले.

२२ मार्च

इतकी वर्षं या माणसाबरोबर राहिले आणि मला कळू नये? पाठ केली की बहिरे, तोंड केलं की शहाणे! आणि मी हिशोब काय लावला — लबाड! सोयीचं तेवढं ऐकतात! ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे तेव्हा मला वाटायचं, या वयात काय हे. लाजायचेही मी. आता हसू येतं आणि मग येत नाही.

९ एप्रिल

पासष्ट टक्के! अपील मंजूर!

गोदाम सुटलं. मॅनेजरला मीच फोन करून सांगितलं, त्यालाही बरं वाटलं असावं. सोमवारपासून इस्पितळ. कानाची यंत्रं देणार आहेत, आणि त्या दुसऱ्या दुखण्यासाठी आठवड्यातून एकदा जायचं, मिशीवालेही सोबत येणार. ते स्वतःच तिथे जात होते म्हणे आधीपासून, कुणाला न सांगता. भरवशाच्या नाहीत म्हटलं होतं मी त्यांच्या मिशांना! माफ करा, भाऊजी.

संध्याकाळी ताईचा फोन आला. मी सवयीने बाल्कनीत गेले, दार ओढून घेतलं. ताई म्हणते, "म्हणजे खरंच होतं म्हणायचं!" मी तिच्यावर खेकसले. नाटकी नाटकी म्हणून तूच माझं डोकं फिरवलंस, आणि मी मूर्खासारखी तुझ्या हो ला हो करत राहिले, असं काय काय बोलले. बोलता बोलता वळले.

काचेपलीकडे हे बसले होते. माझ्याकडे बघत होते. नाही — माझ्या तोंडाकडे.

फोन कधी बंद केला आठवत नाही. दार लावून घेत होते मी! काचेचं!

१० एप्रिल

विचारलंच शेवटी. समोर बसून. सगळं कळत होतं तुम्हाला? पहिल्यापासून? "हो." नाटकी म्हटलं तेही? "हो." मग एका शब्दाने बोलला का नाहीत?

हे म्हणाले, "माझ्याबरोबरचे काही जण पाय गमावून बसले, काही आलेच नाहीत. मी धडधाकट परत आलो. मला वाटायचं, एवढ्या वर्षांची बायको आहे, तिला दिसत असेल ते चूक कसं असेल? मी नाटकच करत असेन. तू त्या दिवशी शपथ घेतलीस ना, तेव्हा कुठे मला पटलं की मला खरंच ऐकू येत नाही."